शिदोरी आणि तवक्कुल

अल्लाहवर भरवसा ठेवणाऱ्या माणसाने येऊ घातलेल्या संकटाची तरतूद आधीच करून ठेवावी काय? ठेवावी, तर कोणत्या मार्गाने? प्रश्न जुना आहे. काही महिन्यांपूर्वी तो आमच्या अक्कलकुव्यात एका अगदी नव्या वेशात माझ्यासमोर आला, म्हणून त्यावर लिहावेसे वाटले.

इशाच्या नमाजनंतर एक तरुण हातात छापील अर्ज घेऊन मशिदीच्या पायरीवर थांबला होता. तो लहानपणापासून कराटे शिकला आणि आता मुलांना शिकवतो. त्याच्या प्रशिक्षकासह पाच जण तीन आठवड्यांच्या शिबिरासाठी जपानमधील ओकिनावा बेटावर जाणार होते. कराटे जेथे जन्मले, ते हे बेट. शिबिर घेणाऱ्यांची अट अशी की, येणाऱ्या प्रत्येकाकडे वैद्यकीय खर्चाचा प्रवासविमा असावा. हातातला अर्ज त्या विम्याचाच होता. तरुणाचे वडील मालवाहू टेम्पो चालवतात. तेही मागोमाग आले आणि म्हणाले, “मौलाना, विमा हराम आहे हे आपणच जुम्याच्या बयानात सांगितले आहे. आता तेच याला सांगा. ज्याने जीव दिला, तो परदेशातही सांभाळील.”

मी अर्ज वाचू लागलो. एका ओळीत विचारले होते : प्रवासात आपण साहसी अथवा जोखमीच्या खेळात, युद्धकलेच्या सरावात वा स्पर्धेत भाग घेणार आहात काय? उत्तराच्या चौकटीत पेन्सिलीने ‘नाही’ लिहिलेले होते. मी कारण विचारले. तरुण खाली पाहून म्हणाला, “एजंटने सांगितले की, ‘हो’ लिहिलेस तर हप्ता वाढेल. ‘नाही’ लिही, तेथे कोण पाहायला येणार आहे?”

विमा हलाल की हराम, एवढाच प्रश्न बापलेक घेऊन आले होते. पेन्सिलीने लिहिलेल्या त्या दोन अक्षरांविषयी दोघांपैकी कोणीच काही विचारले नव्हते.

यमनचे यात्रेकरू

वडिलांच्या बोलण्यात जो ईमानचा भाग होता, त्याचा मला आदर आहे. परंतु ‘जो सांभाळणारा आहे तो सांभाळील, म्हणून तरतूद नको’ या विचाराला कुरआनने नेमके प्रवासाच्या संदर्भातच उत्तर दिले आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची रिवायत सहीह बुखारीत आहे. यमनचे काही लोक हजला निघताना शिदोरी बरोबर घेत नसत. आम्ही तवक्कुल करणारे आहोत, असे ते सांगत आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. त्यांच्याबाबत सूरह बकराची १९७ वी आयत अवतरली. प्रवासात शिदोरी घ्या, आणि सर्वोत्तम शिदोरी तकवा होय, असा तिचा आशय आहे.

या प्रसंगातले मर्म आपण पुष्कळदा निसटू देतो. त्या लोकांचा दावा अल्लाहवरील भरवशाचा होता, पण प्रत्यक्षात त्यांचा भरवसा इतर यात्रेकरूंच्या थैलीवर होता. आपला भार दुसऱ्याच्या खांद्यावर जाणार हे ठाऊक असूनही त्याकडे डोळेझाक करणे म्हणजे तवक्कुल नव्हे.

उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी बांधायला व मग भरवसा ठेवायला सांगितले, ही तिरमिजीतील हदीस आपण सारे जाणतो. हजरत याकूब (अलै.) यांनी मुलांना मिसरला पाठवताना सर्वांनी एकाच दाराने शिरू नये, वेगवेगळ्या दारांनी जावे, असे बजावले. आणि अल्लाहच्या निर्णयापुढे मी तुमच्या काहीच कामी येऊ शकत नाही, माझा भरवसा त्याच्यावरच आहे, असेही त्याच दमात सांगितले (सूरह यूसुफ : ६७). तरतूद आणि तवक्कुल एकाच आयतीत शेजारी शेजारी आहेत. शाममध्ये अमवासची साथ पसरली, तेव्हा हजरत उमर (रजि.) वाटेतूनच परत फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले असता, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, या अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

तेव्हा तरतूद करणे हे ईमानच्या विरुद्ध नाही. वडिलांचा आक्षेप या बाजूने टिकत नाही. तो टिकतो तो दुसऱ्या बाजूने.

कराराचा दोष

उलमांचा विम्याला विरोध आहे तो तरतूद म्हणून नव्हे. विरोध आहे तो त्या कराराच्या रचनेला. ठराविक हप्ता भरायचा आणि त्याच्या मोबदल्यात काय मिळणार, केव्हा मिळणार, मिळणार की नाही, हे अनिश्चित. या अनिश्चिततेला फिकहमध्ये ‘गरर’ म्हणतात आणि गररच्या व्यवहाराला प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. एकाचा पैसा बुडतो आणि दुसऱ्याला हप्त्याच्या कित्येक पट मिळते, यात जुगाराची छाया आहे. जमलेला पैसा व्याजी रोख्यांत गुंतवला जातो, हा तिसरा दोष. दमास्कसचे हनफी फकीह अल्लामा इब्ने आबिदीन (१७८४–१८३६) यांच्यापुढे सागरी मालाच्या विम्याचा प्रश्न ‘सवकरा’ या नावाने आला. बुडालेल्या मालाची अशी भरपाई घेणे मुस्लिम व्यापाऱ्याला वैध नाही, असे त्यांनी लिहिले, कारण जे देणे ज्याच्यावर मुळात बंधनकारक नाही, ते येथे त्याच्यावर लादलेले असते. पुढे १९८५ मध्ये जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा अवैध ठरवला आणि परस्पर सहकार्यावर उभा असलेला विमा हा त्याचा पर्याय म्हणून मान्य केला.

मग सवलत कोठे आहे? जेथे कायद्याची सक्ती आहे, तेथे बहुतेक उलमा ती देतात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा नसेल तर वाहन रस्त्यावर आणता येत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा दाखवावा लागतो. मी वडिलांना विचारले, “आपल्या टेम्पोचा विमा आहे ना?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आहे. पण ती सरकारची सक्ती आहे, मौलाना. टेम्पोशिवाय घरची चूल पेटत नाही. ही तर हौस आहे.”

हे उत्तर एखाद्या मुफ्तीला शोभावे असे होते. जरूरत, हाजत आणि केवळ इच्छा यांत फिकहने जो फरक केला आहे, तो या टेम्पोचालकाने आपल्या भाषेत अचूक सांगितला. जपानचे शिबिर फर्ज नाही. ज्या प्रवासाला जाणे आपल्याच हाती आहे, त्या प्रवासाच्या अटीला सक्ती म्हणता येईल काय? या आक्षेपाला मी हलके लेखत नाही आणि वाचकांनीही लेखू नये.

हौस किती, कमाई किती

तरीही ‘हौस’ हा शब्द पुरता न्याय्य नाही. सशक्त मोमिन दुर्बल मोमिनपेक्षा अल्लाहला अधिक प्रिय आहे आणि भलाई दोघांतही आहे, असे हदीसमध्ये आहे. प्रेषितांनी (स.) रुकाना या नामांकित मल्लाशी कुस्ती करून त्याला चीत केल्याची रिवायत अबू दाऊद व तिरमिजी यांनी नोंदवली आहे. या तरुणाची तर उपजीविकाच या विद्येवर आहे. ओकिनावाहून शिकून आला तर त्याचा वर्ग वाढेल. दोन गोष्टी मात्र त्याने पाळाव्यात. जपानी सरावाच्या आरंभी व अखेरीस वाकून अभिवादन करतात. भेटीत दुसऱ्यापुढे वाकण्यास हदीसमध्ये मनाई आहे, म्हणून रुकूसारखे न वाकता छातीवर हात ठेवून आदर दाखवावा आणि हे शिक्षकाला आधीच नम्रपणे सांगावे. दुसरे, लढताना चेहऱ्यावर प्रहार टाळण्याची आज्ञा बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

चेहऱ्यावरचा प्रहार काय करतो, हे साऱ्या जगाने पाहिले आहे. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेच्या सर्वांत वजनदार गटाची अंतिम लढत सौदी अरेबियाचे तारेग हामेदी आणि इराणचे सज्जाद गंजजादे यांच्यात झाली. हामेदी ४–१ ने पुढे होते. त्यांची एक लाथ गंजजादे यांच्या मानेपाशी-मस्तकापाशी इतक्या जोरात बसली की ते बेशुद्ध पडले व त्यांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले. अनियंत्रित प्रहाराबद्दल हामेदी अपात्र ठरले आणि जो बेशुद्ध होता त्याला शुद्धीवर आल्यावर कळले की, सुवर्णपदक आपले आहे. दोघेही कसलेले खेळाडू आणि भोवती वैद्यकीय पथक, तरीही हे घडले. जपानमधील शाळांत १९८३ ते २०११ या काळात ज्युदोच्या सरावात शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. म्हणूनच ज्युदोत पहिला धडा पडण्याचा असतो. समोरच्याला कसे फेकावे हे नंतर; आधी स्वतः कसे पडावे, हे शिकवतात. त्याला ते ‘उकेमी’ म्हणतात. पडणारच नाही, असे कोणताही प्रामाणिक गुरू शिष्याला सांगत नाही.

तेव्हा धोका खरा आहे. जपानमध्ये तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्याला तेथील सार्वजनिक आरोग्यविमा घ्यावा लागतो आणि उपचाराचा साधारण सत्तर टक्के भार ती व्यवस्था उचलते. तीन आठवड्यांच्या पाहुण्याला मात्र सारे बिल स्वतःच भरावे लागते. हाड मोडले, डोक्याला मार बसला, तर ते बिल कोण भरणार? टेम्पो विकून किती येतील? ज्या वडिलांनी विम्याला हराम म्हटले, त्यांना मग व्याजाने कर्ज काढण्याची पाळी आली, तर त्या हरामचे काय? हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) समजावले होते की, वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना संपन्न सोडून जाणे चांगले. आपल्या निर्णयाचा भार मागे राहिलेल्यांवर किती पडतो, हा दीनच्या दृष्टीने गौण प्रश्न नाही.

पेन्सिलीतील दोन अक्षरे

आता त्या ‘नाही’कडे वळू. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाहीस, असे विचारून जो फसवतो तो आमच्यातला नाही, अशी कठोर ताकीद त्यांनी दिली. अर्जातील ते ‘नाही’ म्हणजे ढिगाखालचे ओले धान्यच आहे. समोर कंपनी आहे, तिचा करार आपल्याला पसंत नाही, ती आपल्या धर्माची नाही, यांपैकी कशानेही फसवणूक हलाल होत नाही. कराराच्या वैधतेत उलमांचे मतभेद असू शकतात. खोट्या जबानीबाबत मतभेद नाही.

शिवाय हे खोटे निरुपयोगीही आहे. विम्याचा सारा व्यवहार दोन्ही पक्षांनी माहिती न लपवण्याच्या तत्त्वावर चालतो. सर्वसाधारण प्रवासविम्यात जोखमीचे खेळ बहुधा वगळलेले असतात. ते नमूद करून, जादा हप्ता भरून, सामील करून घ्यावे लागतात. ‘नाही’ लिहिणारा तरुण सरावात जखमी झाला, तर कंपनी दावा नाकारू शकते. म्हणजे त्याने हप्ता भरला, खोटे बोलला, शिबिरवाल्यांना कागद दाखवून त्यांचीही दिशाभूल केली आणि संकटात हाती काहीच आले नाही. गुनाह रोख, लाभ शून्य.

माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला खरा धोका येथेच होता. हलाल-हरामची चर्चा करता करता आपण इतके दमून जातो की, खरेपणाची चौकट पेन्सिलीने भरून मोकळे होतो.

‘हराम’ म्हणणाऱ्यांवरचे ऋण

पण येथे मला स्वतःच्या मिंबरकडेही पाहावे लागते. विमा हराम, असे मी बयानात सांगतो. मग कोणी अपघातात सापडला, कोणाच्या डायलिसिसचा खर्च पेलेनासा झाला की, जुम्यानंतर चादर पसरून चंदाही मीच गोळा करतो. लोक देतात, मन मोठे करून देतात. पण कधी पाच हजार जमतात, कधी पन्नास. ज्याचा गोतावळा मोठा त्याला अधिक, जो एकटा त्याला कमी. मदत मागणाऱ्याला सर्वांदेखत आपले दुःख उघडे करावे लागते, ते वेगळेच. अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) उम्मतला यापेक्षा चांगली रीत शिकवली होती.

मदीनेच्या करारनाम्यात प्रत्येक गटावर आपापल्या माणसाच्या खूनबहाचा भार मिळून उचलण्याची आणि कैद्यांना सोडवून आणण्याची जबाबदारी होती. चुकून कोणाच्या हातून हत्या घडली, तर दियत एकट्याने न भरता त्याच्या नातलगांनी, म्हणजे ‘आकिला’ने, तीन वर्षांत विभागून भरावी, हा शरीअतचा कायदा आहे. हजरत उमर (रजि.) यांनी ही जबाबदारी एकाच ‘दिवाण’मध्ये, म्हणजे नोंदवहीत नाव असलेल्या सैनिकांवर टाकली आणि हनफी फिकहने ती रीत स्वीकारली. म्हणजे रक्ताचे नाते नसले तरी एका कामाने बांधलेले लोक परस्परांचे आकिला होऊ शकतात. अशअरी जमातीविषयीची हदीस तर हृदयात कोरून ठेवावी अशी आहे. प्रवासात वा घरी धान्य कमी पडले की, ते सारे असेल ते एका कापडावर गोळा करीत आणि एका मापाने समान वाटून घेत. ते माझे आहेत आणि मी त्यांचा, असा त्यांचा गौरव प्रेषितांनी (स.) केला. सुदानमध्ये १९७९ साली पहिली इस्लामी विमा कंपनी सुरू झाली, मलेशियाने १९८४ मध्ये तकाफुलचा कायदा केला, त्या साऱ्याचे बीज या कापडात आहे.

ही कल्पना आपल्या मातीलाही परकी नाही. मराठी शेतकरी एकमेकांच्या शेतात इर्जिक करतो. आमच्या सातपुड्यातील आदिवासी बांधवांत ‘लाहा’ची रीत आहे. एकाच्या घराला, शेताला सारा पाडा हात लावतो आणि मजुरी मागत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला निघाले, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमवली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे ज्या जपानी मल्लाकडून, शोहाची इशी यांच्याकडून, खाशाबा हरले, ते मूळचे ज्युदोपटू होते. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. पण त्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवले ते पदक पाहून नव्हे. पदकाचा तेव्हा पत्ताही नव्हता.

मग आपण एक लहानसे कापड का पसरू नये? परदेशी शिकायला, खेळायला, मजुरीला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी काही रक्कम ‘तबर्रू’ म्हणून, परतीची अपेक्षा न ठेवता, एका सामाईक निधीत द्यावी. कोणाला इजा झाली तर त्यातून खर्च व्हावा. न झाली तर पुढच्या प्रवाशाची शिदोरी व्हावी. हिशेब भिंतीवर लावावा. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे : परदेशी रुग्णालयातील अतिदक्षता विभागाचे बिल पाच-पन्नास कुटुंबांच्या निधीतून भागणार नाही. आपल्याकडे असा निधी मोठ्या प्रमाणावर उभा राहीपर्यंत काही लोकांना व्यापारी विम्याच्या दारात उभे राहावे लागेल. त्यांच्यावर हरामचा शिक्का मारून घरी परतणे सोपे आहे. त्यांच्या लाचारीत आपल्या निष्क्रियतेचा वाटा किती, हे मोजणे कठीण आहे.

मी काय सांगितले

मी मुफ्ती नाही. फतवा दिला नाही. पण सल्ला दिला तो असा. पहिले, पेन्सिलीतले ‘नाही’ आत्ता, येथेच खोडायचे. दुसरे, कंपनीला लेखी विचारायचे की कराटेचा सराव सामील होतो काय. होत नसेल तर तो कागद विकतच घ्यायचा नाही, कारण तो संरक्षण नव्हे, संरक्षणाचा देखावा आहे. तिसरे, होत असेल तर सारी हकीकत, वडिलांच्या आक्षेपासह, मुफ्ती साहेबांपुढे ठेवायची आणि विचारायचे की, यजमानांची अट आणि उपजीविकेची गरज मिळून येथे सवलतीइतकी हाजत होते काय. दावा करण्याची वेळ आली तर भरलेल्या हप्त्यापेक्षा अधिक रकमेचे काय करावे, हेही विचारायचे. ते ‘नको’ म्हणाले, तर प्रवास सोडायचा.

“आणि सोडला तर?” तरुणाने विचारले. “तीन वर्षे पैसे साठवले आहेत, मौलाना.”

मी म्हटले, “बेटा, तर मला दुःख होईल. पण खोटे लिहून गेलास, तर त्याहून अधिक होईल.”

त्याने खिशातून खोडरबर काढले नाही, वडिलांकडे पाहिले. वडिलांनी अर्ज हाती घेतला, अंगठ्याने ती ओळ जरा वेळ चाचपली आणि मला विचारले, “हप्ता किती वाढेल?” मग स्वतःच म्हणाले, “वाढू दे. मुफ्ती साहेबांनी परवानगी दिली तर वाढलेला मी भरीन. खोटे लिहून मात्र जायचे नाही.” आणि चपला घालता घालता मागे वळून म्हणाले, “तो निधी म्हणालात तो सुरू करणार असाल, तर पहिले शंभर रुपये माझे. नुसते बोलू नका.”

ते शंभर रुपये माझ्या मेजाच्या खणात वेगळ्या पाकिटात आहेत. पाकिटावर मी ‘अमानत’ एवढेच लिहिले आहे. पुढचे नाव कोणाचे, हे आता आपण सर्वांनी ठरवायचे आहे. नेकी आणि तकव्याच्या कामात एकमेकांना हात देण्याची कुरआनची आज्ञा (सूरह माइदा : २) पाळण्याची तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.